टाकळ्याचा अर्क, स्टेरॉइडची ट्यूब आणि रद्दीत निघालेले थिसिस: एक खुलं पत्र

प्रति,
आयुष मंत्रालय, राज्याचं अन्न व औषध प्रशासन, आणि फार्मसी कॉलेजं चालवणारे सगळे प्राचार्य नि संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका फार्मसी कॉलेजात २६ वर्षं लॅब असिस्टंट होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण त्या एकट्या कॉलेजशी माझं भांडण नाहीये आणि जे तिथे झालं ते कुठेही होत असणार.

गेल्या सोमवारी पीएफच्या एका कागदावर सही हवी म्हणून कॉलेजात गेले तर गेटजवळ रद्दीवाल्याचा टेम्पो उभा. आत काय, तर एम.फार्मचे थिसिस. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, सुतळीनं गठ्ठे बांधून काट्यावर चढवलेले. कॉलेजांना ग्रेड देणारी नॅकची कमिटी येणार म्हणून लायब्ररीमागची खोली रिकामी करायची होती म्हणे. मी त्यातले हाताला लागले ते नऊ उचलले, रद्दीवाला म्हणाला बाई फुकट नाही, मग वजन केलं, साडेआठ किलो भरले, पैसे दिले नि रिक्षातून घरी आणले.

नऊपैकी सहांचं शीर्षक थोड्याफार फरकानं एकच. अमक्या वनस्पतीच्या अर्काची बुरशीविरोधी क्षमता तपासणे. टाकळा, दादमर्दन, करंज, कडुनिंब, निर्गुडी, लसूण. ह्यातल्या चार वनस्पती मी स्वतः पोरांबरोबर जाऊन आणलेल्या आहेत, एकदा तर शहरातून आलेली एक मुलगी टाकळा समजून पिशवीभर कासविंदा घेऊन आली होती, तो परत टाकायला लावला. पानं सावलीत वाळवणं, कुटणं, चाळणं, सॉक्सलेटवर बसून अर्क काढणं, प्लेटा ओतणं, सगळ्याला माझे हात लागलेत. म्हणजे जे टेम्पोत चाललं होतं त्यात थोडी मीपण होते असं समजा.

पण नुसतं तेवढ्यासाठी पत्र लिहायला बसले नसते. ह्यात माझं घरचंही दुखणं आहे, ते आधी सांगते.

आमच्याकडे पावसाचे चार महिने कपडे वाळत नाहीत, दमट कपडा अंगावर चढवायचा नि कामाला लागायचं. बायकांना कमरेला परकराच्या नाडीखाली आणि पुरुषांना जांघेत गजकर्ण ही इथे जुनीच गोष्ट. लहानपणी आई टाकळ्याचं वाळलेलं बी आंबट ताकात भिजवून, पाट्यावर वाटून लावायची. झोंबायचं. कधी आठवड्याभरात जायचं, कधी जायचं नाही, कधी नुसता काळा डाग राहायचा. लोकांनी बिब्बाही लावलेला मी पाहिलाय आणि त्यानं उठलेले फोडही पाहिलेत, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

काही वर्षांपूर्वी माझा मुलगा हॉस्टेलला होता तेव्हा त्याला गजकर्ण झालं. पोरं करतात तेच त्यानं केलं, मेडिकलमध्ये जाऊन खाजेची ट्यूब मागितली. चिठ्ठी कोणी विचारली नाही. त्या ट्यूबमध्ये काय होतं, तर क्लोबेटासोल म्हणजे स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल, वर दोन अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध, सगळी खिचडी. दोन दिवसांत खाज गायब! ट्यूब बंद केली की आठवड्यात डबल. पुन्हा ट्यूब. असं चौदा महिने चाललं, रूमवर टॉवेल एकच, त्यामुळे रूममेटलाही लागलं, सुट्टीत घरी आला तेव्हा मला लागलं. आई म्हणून मला कळलं कधी, तर पोरगा चालताना पाय फाकवून चालायला लागला तेव्हा. बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा माझ्या पोराच्या मांड्यांवर आहेत आणि त्या आता जन्मभर जाणार नाहीत.

स्किनच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. अंग लाल होतं, खाजतं ते शरीर बुरशीशी झगडतंय म्हणून. स्टेरॉइड त्या झगडणाऱ्यालाच झोपवतं. आपल्याला वाटतं बरं वाटतंय, आणि बुरशीला रान मोकळं. पुढे टर्बिनाफिन ह्या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या, जे औषध पूर्वी दोन आठवडे दिलं की काम व्हायचं, ते आम्हाला दोन महिन्यांतही लागू पडलं नाही. मग दुसरी गोळी, जास्त महाग, जास्त दिवस.

पुढे २०२० साली ह्या बुरशीच्या एका प्रकाराला वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जपानमधल्या संशोधकांनी नेपाळ नि भारतातल्या पेशंटकडून मिळालेल्या बुरशीवरून ते ओळखलं. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमला जाऊन धरतं, त्या एन्झाइमचीच ठेवण हिनं बदललीय, म्हणजे किल्ली तीच नि कुलूप बदललेलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ती सापडली तेव्हा तिकडे लगेच सरकारी पातळीवर बातमी झाली. आपल्याकडे ती लोकलमध्ये, हॉस्टेलात, पोलीस लाइनीत, कारखान्यात सगळीकडे आहे आणि आपण तिला अजून उन्हाळ्याची खाज म्हणतो. नावात आपला देश आला, त्याची लाज कोणाला वाटली का, विचारते आपलं.

तर आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार कॉलेजांकडे. ह्या सहाच्या सहा थिसिसांत अर्क कुठल्या बुरशीवर तपासलाय बघा. कँडिडा अल्बिकन्स आणि अ‍ॅस्परजिलस नायजर. का? कारण पुण्याच्या एनसीएल ह्या सरकारी प्रयोगशाळेतून ह्यांचं कल्चर सहज मागवता येतं, दोन-तीन दिवसांत प्लेट भरून येते, आणि पोरांना एप्रिलात सबमिशन असतं. गजकर्ण होतं ते बहुतेक ट्रायकोफायटॉननं. तिला वाढायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढ्यात प्लेटवर दुसरीच काहीतरी बुरशी चढते, इन्क्युबेटर कोणीतरी बंद करून जातं, कंटाळा येतो. मी २६ वर्षांत आमच्या लॅबमध्ये ट्रायकोफायटॉनची प्लेट फक्त दोनदा पाहिली. आणि प्रस्तावनेत मात्र सगळ्यांनी लिहिलेलं असतं, ही वनस्पती गजकर्णावर परंपरेनं वापरतात! म्हणजे चोर एक, नि ओळखपरेड दुसऱ्याचीच.

ह्याला जोडूनच दुसरं. झोन. आगारात, म्हणजे प्लेटमध्ये बुरशी वाढवायला ओतलेल्या जेलीत, कॉर्क बोररनं खड्डा पाडायचा, अर्क भरायचा, आणि भोवती जेवढ्या भागात बुरशी वाढली नाही तेवढे मिलिमीटर मोजायचे. १८ आले तर छान, २२ आले तर फारच छान, शेजारी तुलनेला फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध. पण जो पदार्थ पाण्यात विरघळतो तो आगारात लांब पसरतो, जो तेलकट असतो तो जागेवर बसून राहतो, म्हणून हळदीचा झोन लहान येतो नि त्यावरून हळद निकामी ठरते. खरं तर अर्क पातळ पातळ करत नेऊन कमीत कमी किती मात्रेला बुरशी थांबते ते काढायला हवं, एमआयसी म्हणतात त्याला, पद्धत ठरलेली आहे, पुस्तकात आहे, त्याला काही आभाळातून मशीन यावं लागत नाही. आणि तेवढं करूनही प्लेटवरची बुरशी म्हणजे माणसाची कातडी नव्हे, हे तर आहेच.

आणि प्रत्येक थिसिसच्या शेवटी एकच वाक्य: पुढील संशोधनाची गरज आहे. हे पुढील संशोधन कुठे राहतं, मला एकदा त्याला भेटायचंय. मी कामाला लागले तेव्हापासून त्याची वाट बघतेय. पुढच्या वर्षी नवीन पोरगा येतो, तोच टाकळा, तीच कँडिडा, तेच वाक्य. काही वेळा तर आकडेही तेच. हो, हेपण लिहिते, मागच्या बॅचचं रीडिंग यंदाच्या थिसिसमध्ये गेलेलं मी पाहिलंय, एक्स्टर्नल सरांनी चहा पिता पिता सही केली. ज्या पोराचा अर्क चाललाच नाही त्याला गाईड सांगणार दुसरी वनस्पती घे. म्हणजे काय चाललं नाही हे कुठेच लिहिलं जात नाही, आणि पुढचा पोरगा पुन्हा त्याच खड्ड्यात. पीएचडीचे प्रबंध निदान शोधगंगा ह्या वेबसाइटवर चढतात, एम.फार्मचे थिसिस मात्र बहुतेक कपाटात, नाहीतर टेम्पोत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पानाफुलांत खरंच काही असतं का, का उगाच? तर ऐका.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गोवा पावडर नावाची एक पिवळी भुकटी मिळायची, गजकर्णावर नामी म्हणून. लोकांना वाटायचं गोव्याची. ती मुळात ब्राझीलमधल्या आरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली, पोर्तुगीज जहाजातून गोव्यात उतरायची आणि तिथून इकडे यायची, म्हणून हे नाव. १८७० च्या दशकात तिचं खरं मूळ कळलं. तिच्यातल्या औषधी भागाला क्रायसारोबिन म्हणतात, ते थेट ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे तिकडच्या अधिकृत औषधांच्या ग्रंथात गेलं. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेना तेव्हा जर्मनांनी १९१६ मध्ये त्याच्यासारखंच एक औषध बनवलं, डायथ्रानॉल, ते सोरायसिसवर अजूनही वापरतात. कातडी झोंबते, कपड्यांना डाग पडतात, पण काम करतं. आणि आता गंमत बघा. १९७५ मध्ये भारतातल्याच संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतला बुरशी मारणारा मुख्य पदार्थ वेगळा काढून छापला. तो कोणता निघाला? क्रायसोफॅनिक अ‍ॅसिड अँथ्रोन, म्हणजे त्या गोवा पावडरीतलाच ऐवज! जो माल सातासमुद्रापारहून आणून विकत होते तो आमच्या अंगणात आषाढात भाजी म्हणून उगवत होता नि आई तो ताकात वाटत होती. संस्कृतातही टाकळ्याला दद्रुघ्न म्हणतातच, दद्रू म्हणजे गजकर्ण. हे सगळं माहीत असून पन्नास वर्षांनी मेडिकलमध्ये टाकळ्याचं एक खात्रीचं, मोजून-मापून केलेलं मलम मला मागता येत नाही.

दादमर्दनाचंही तेच. पिवळ्या मेणबत्त्यांसारखे तुरे येतात ते झुडूप, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला भरपूर. फिलिपिन्समध्ये त्याला अकापुल्को म्हणतात. तिथल्या आरोग्य खात्यानं शिफारशीसाठी ज्या दहाच औषधी वनस्पती निवडल्या, त्यात हे आहे, बुरशीसाठी. त्यांनी लोशन बनवलं, पेशंटवर तपासलं, १९९७ मध्ये पारंपरिक औषधांसाठी कायदा करून संस्था उभी केली. दहाच घेतल्या! आपल्याकडे हजार वनस्पतींची यादी आणि एकीचाही निकाल नाही, असं का?

लसणातल्या अजोइन नावाच्या पदार्थाचं ०.४ टक्के क्रीम व्हेनेझुएलात ३४ पेशंटच्या पायाच्या गजकर्णावर लावलं, १९९६ मध्ये छापून आलं, ३४ पैकी २७ जण आठवड्यात बरे, उरलेले आणखी एका आठवड्यात. (कच्चा लसूण ठेचून कोणी लावू नका, कातडी भाजते, आमच्या शेजारणीची भाजली.) ऑस्ट्रेलियात टी ट्री ऑइलवर काम झालं ते तर मला फार आवडतं, कारण त्यात हारही छापलीय. १० टक्क्यांचं क्रीम लावलं तर खाज-जळजळ कमी झाली पण बुरशी हटायचं प्रमाण नुसत्या क्रीमइतकंच. मग पुढे ५० टक्के ताकदीचं घेतलं, २००२ मध्ये निकाल आला, ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, औषध नसलेल्या गटात ३१ टक्के. आणि काहींना त्या तेलानं कातडीवर रिअ‍ॅक्शन आली, तेही लिहिलं. झाड तेच, पण किती ताकदीचं हे कळल्याशिवाय औषध होत नाही, आणि खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असं नाही. हे एवढंच तर आम्हाला हवंय.

आपल्याकडे करणारी माणसं नव्हती असंही नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या टीमनं साठच्या दशकाच्या आसपास मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीचं औषध शोधलं, त्या जंतूच्या नावात पिंपरी आहे. माशेलकर साहेब सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना हळदीच्या अमेरिकन पेटंटविरुद्ध लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. कडुनिंबाच्या तेलानं बुरशी मारायचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं, अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. तेव्हा आमच्या कॉलेजात सरांनी पेढे वाटले होते, मला आठवतंय. पेटंट दुसऱ्याला मिळू दिलं नाही, उत्तम. पण मग आपण त्या कडुनिंबाचं पुढे काय केलं? साबण.

आता तक्रार आयुष आणि एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन, दोघांकडे. पोराच्या ट्यूबला विटून आम्ही एक आयुर्वेदिक मलम आणलं. डबीवर हिरवं पान, कडुनिंब, हळद, चक्रमर्द म्हणजे आपला टाकळाच, साइड इफेक्ट नाहीत वगैरे. ते लावलं नि दोन दिवसांत खाज गायब. इतकी वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला तिथेच शंका यायला हवी होती, आली नाही, आईची माया आडवी आली. नंतर एका सरांना गळ घालून टीएलसीची, म्हणजे मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांनी वेगळे करून दाखवणारी, प्लेट लावून घेतली, शेजारी स्टेरॉइडचं स्टँडर्ड ठेवलं. ठिपका बरोबर त्याच उंचीला. टीएलसी म्हणजे काही कोर्टात चालणारा पुरावा नाही म्हणून मलमाचं नाव घेत नाही. पण मी साधी लॅब असिस्टंट एका दुपारी जे बघू शकते ते तुमच्या प्रयोगशाळांना बघता येत नाही का? अशा एका डबीमुळे खऱ्या वैद्याचं नाव खराब होतं, खरा टाकळाही बदनाम होतो.

आणि स्टेरॉइडच्या ट्यूबा. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्रानं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर ह्या स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध वेगळा टास्क फोर्सच काढलाय. कागदावर सगळं आहे. परवा मी मुद्दाम आमच्या बाजारात चार मेडिकलमध्ये जाऊन खाजेची ट्यूब मागितली, चारही ठिकाणी तीच खिचडी मिळाली, चिठ्ठी एकानंही विचारली नाही, एकानं तर दोन घ्या म्हटलं. त्या पोरांचीही चूक मी पूर्ण धरत नाही, काउंटरवर उभी असलेली निम्मी आमच्याच कॉलेजची आहेत नि मालक सांगतो ते देतात.

मागण्या साध्या आहेत, लिहून देते.

कॉलेजांनी थिसिस रद्दीत घालणं आजपासून बंद करा. स्कॅन करून विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाका, न चाललेले प्रयोगसुद्धा, आणि जे चाललं नाही त्याचे मार्क कापू नका.

गजकर्णाचं नाव घेऊन काम करायचं तर ट्रायकोफायटॉनवरच करा, तेही आत्ताच्या पेशंटच्या कातडीतून काढलेल्या, टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीवर. सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत असे पेशंट रोज रांगेत असतात, फार्मसी कॉलेज आणि ती ओपीडी ह्यांच्यात एक साधा करार करायला कोण अडवतंय?

आयुषनं पाचशे वनस्पतींवर पाचशे छोटे प्रोजेक्ट वाटण्यापेक्षा तीन घ्या. टाकळा, दादमर्दन, लसूण घ्या किंवा तुमचे तज्ज्ञ म्हणतील त्या. अर्कात मुख्य पदार्थ किती ते ठरवा, कारण आषाढातला टाकळा नि मार्गशीर्षातला टाकळा एक नसतो, हे आम्ही प्लेटवर पाहिलंय. मग पेशंटवर नीट ट्रायल, अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना चालू औषध, कोणाला काय दिलं हे तपासणाऱ्याला माहीत नको, आणि औषध थांबवल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा बघा, कारण गजकर्ण परत येतं तिथेच सगळ्यांची फजिती होते. नाही चाललं तर नाही चाललं असं छापा. मला वाईट वाटेल, पण चालेल.

बाजारातली खाज-गजकर्णाची हर्बल मलमं दर तीन महिन्यांनी दुकानातून उचला, स्टेरॉइडसाठी तपासा आणि जी सापडतील त्यांची नावं मराठीत, वर्तमानपत्रात जाहीर करा. हिरव्या पानाच्या डबीवर कुठला अर्क किती टक्के हे लिहिणं सक्तीचं करा.

आणि स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबा चिठ्ठीशिवाय देणं खरोखर थांबवा. पावसाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, तपासणी काढा. गणपती झाल्यावर येऊन काय उपयोग, तोपर्यंत ट्यूबा संपलेल्या असतात.

उत्तर येईल की नाही माहीत नाही, पण पत्र वाचणाऱ्यांत फार्मसीची पोरं-पोरी असतील तर त्यांच्यासाठी: ते नऊ थिसिस माझ्या घरी पलंगाखाली सुरक्षित आहेत. टाकळ्यावरचे त्यात दोन आहेत, एकाचं पान ४१ ते ५६ वाळवीनं खाल्लंय, बाकी नीट. ज्या कोणाला काम पुढे न्यायचंय त्यानं येऊन घेऊन जावेत, पैसे नकोत. टाकळ्याच्या शेंगा दिवाळीनंतर वाळायला लागतात, बी हवं असेल तर त्या सुमाराला या, मी जागा दाखवीन आणि कासविंदा वेगळा कसा ओळखायचा तेही.

आपली,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
जिल्हा सिंधुदुर्ग